काजळीचा हात

ड्रमलारा,
१७ मे १९५५

ऊना,

तुझ्या खोलीतला आरसा काढून मी शेडमध्ये नेला आहे. वस्तू तुझी, म्हणून कळवलं. हार्पचं चित्र बरोबर उतरलं की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे आपल्याच चुकीला सरावतात. तेच चित्र आरशात उलटं पाहिलं की खांब कुठे कलला, मान कुठे जाड झाली, ते लगेच उघडं पडतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला कुणी काहीच शिकवलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तू ते पाहुण्यांना माझ्या आवाजात म्हणून दाखवायचीस.

आरसा लागला, कारण आपल्या कॅथलिक मंडळाचं निशाण डागडुजीला आलं आहे. पंधरा ऑगस्टच्या, मेरीमातेच्या सणाच्या मिरवणुकीत ते बाहेर काढायचं आहे. आठ वर्षांत पंखांवरचा सोन्याचा वर्ख झिजला, खालची किनार उसवली. रेशीम मात्र शाबूत आहे. एकेरी रेशीम, बिनअस्तराचं. तेव्हा सगळे म्हणत होते, अस्तर लाव. मी म्हटलं, अस्तर लावलं की वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि काठ्या धरणारे दोघे नदीत जातात. अजून कुणी नदीत गेलेलं नाही.

जेम्स पॅट हॅगन घेऊन आला होता. मंडळाचा चिटणीस झाल्यापासून तो दारात आला की आधी खाकरतो. निशाण टेबलावर पसरलं, मी चष्मा लावला, तो खाकरला.

"फ्रान्सी, सोनं उजळ, किनार शिव, आणि जमलंच तर ते तोंड."

"कुठलं तोंड?"

"हार्पच्या खांबाला पंखवाली बाई आहे ना, तिचं."

"त्याला काय झालंय? कुठे तडा नाही, पापुद्रा नाही."

"रंगाचं नाही रे. गेल्या वर्षापर्यंत ती आयर्लंडमाता होती. आता पोरं म्हणतात, आपण पोलिसाच्या बायकोमागे चालतो."

मी विचारलं, माझ्या चित्रातल्या बाईचं तोंड कुणासारखं आहे हे तुला कोणी सांगितलं. तो म्हणाला, "तूच. तूच सांगत फिरायचास, फ्रान्सी. दूधवाल्यालाही सांगितलं होतंस."

मी सुईत दोरा ओवला. किनार शिवायला घेतली आहे.

कॅसी म्हणते, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम घरी बसलो असं तुला वाटतं. ते खरं नाही. बेकरीच्या गाडीवर अक्षरं काढायची होती. गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती, असं तिचं म्हणणं. तुझ्या आत्याला तारखा कधीच लक्षात राहत नाहीत.

आणि तुझ्या नवऱ्याच्या पोलिसी टोपीवरच्या बिल्ल्याबद्दल मी जे बोललो, ते बिल्ल्याबद्दल बोललो. हार्पच्या डोक्यावर इंग्रजांचा मुकुट बसवला की त्याचा भार मानेवर येतो, मान दबते, तारा सैल पडतात. असलं वाद्य वाजणारच नाही. ऑरेंजवाल्या प्रोटेस्टंटांनी दोनदा ढोल रंगवायला विचारलं, मुकुटासकट हार्प हवी होती. त्यांनाही मी हेच सांगून परत पाठवलं. ही कारागिराची तक्रार आहे. माणसाबद्दल मी एक शब्द काढला नव्हता. ताटावरून तू उठलीस, ती आपल्या मनाने.

आरसा परत हवा असेल तर कळव.

फ्रान्सिस गॉर्मली
निशाणं व अक्षरकाम


ड्रमलारा,
२३ जून १९५५

ऊना,

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. कॅसीला तुझी पत्रं येतात, तेव्हा दोष टपालाचा नाही.

निशाणाचं मी ठरवलं आहे. काय ठरवलं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी नीट समजावून सांगतो.

पंखवाली बाई मुळात आपली नाहीच. जुन्या मोहरांवर, जुन्या शिक्क्यांवर पाहा, हार्प म्हणजे हार्प असते: पेटी, मान, खांब, तारा. खांब किंचित बाहेर फुगलेला, कारण तारांचा ताण त्याला पेलायचा असतो. मग केव्हातरी इंग्रजांच्या नाणी खोदणाऱ्याला तो साधा खांब कंटाळवाणा वाटला आणि त्याने तिथे बाई बसवली. आधी नुसतं डोकं, पुढे पंख, पुढे उघडी छाती. लाकडाला ताण पेलतो, बाईला कसा पेलणार? पण ती दिसायला छान, म्हणून आपल्याच लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. झेंड्यावर ती, थडग्यावर ती, चहाच्या डब्यावर ती. डब्लिनला कॉलेजात काचेच्या पेटीत जुनी हार्प ठेवली आहे, तिच्यासमोर मी पहारेकऱ्याने हटकेपर्यंत उभा होतो. तिला बाई नाही. दक्षिणेतल्या स्वतंत्र सरकारने तीच शिक्क्यावर घेतली आणि बरोबर केलं.

तेव्हा निशाणावर आता साधी हार्प येईल. मला कुणी कुणाचं तोंड पुसायला लावत नाहीये. मी एक जुनी चूक दुरुस्त करतो आहे.

हे सगळं मी कॅसीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"आठ वर्षं चालली ती," ती म्हणाली, "आणि नेमकी याच वर्षी चुकीची झाली?"

"अभ्यास वाढला की चुका दिसतात."

"तुझा अभ्यास फार हुशार आहे, फ्रान्सी. जेम्स पॅटच्या मागोमाग येतो."

जेम्स पॅटची गंमत सांगण्यासारखी आहे. साधी हार्प ठरली म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी नमुना घेऊन आला. काळ्या बिअरच्या बाटलीवरचा कागद, पाण्यात भिजवून सोडवलेला. म्हणाला, ही घे, हुबेहूब सरकारी. मी त्याला आरशासमोर नेलं आणि कागद धरला. सरकारी शिक्क्यावरची हार्प एकीकडे तोंड करते, बाटलीवरची दुसरीकडे. बाटली आधीची, म्हणून सरकारलाच वळावं लागलं. म्हटलं, "ही घेऊन निघालात तर लोकांना वाटेल मंडळ गुत्त्याकडे चाललंय."

"मिरवणूक सुटली की जातोच की," तो म्हणाला. "निदान निशाण खोटं बोलणार नाही."

तुला हसू आलं असतं.

तू त्या चित्रासाठी बसली होतीस तेव्हा सतरा वर्षांची होतीस. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, हनुवटी वर. तुला सारखी भूक लागायची. साखर लावलेला पाव हातात घेऊन तू म्हणालीस, आयर्लंडमाता कधी जेवते का? मी म्हटलं, हलू नकोस. मग पाद्रीबाबा येऊन गेले आणि बाईचा गळा झाकायचा हुकूम झाला. मी तिला गळ्यापर्यंत हिरवा झगा घातला. तू म्हणालीस, सगळ्या देशात ही एकटीच हार्प जिने लोकरी स्वेटर घातलाय. तेव्हा मला राग आला होता. झग्याच्या चुण्या उत्तम उतरल्या होत्या.

त्या चुण्याही आता जातील.

फ्रान्सिस गॉर्मली


ड्रमलारा,
२१ जुलै १९५५

ऊना,

तुझा निरोप पोचला. कॅसीने तो दोनदा वाचून दाखवला, मी एकदाच म्हटलं होतं. "बाबांना सांग, पुसायचं तर पुसा. पण तिथे दुसऱ्या कुणाचं तोंड लावू नका."

नाही लावत. साधी हार्प आहे, तोंडाचा प्रश्नच येत नाही.

पुसणं हा शब्द मात्र बरोबर नाही. रेशमावरचा रंग पुसता येत नाही. खरवडायला गेलं की धागे तुटतात आणि हातात भोक राहतं. त्यावर नवा रंगच चढवावा लागतो. पद्धत अशी: आधी सरसाचा पातळ हात, तो वाळला की काजळीचा हात, त्यावर हिरवा, हिरव्यावर नव्या हार्पचा वर्ख. यातला काजळीचा हात महत्त्वाचा. एकेरी रेशमातून उजेड आरपार येतो. मागून ऊन आलं की वर्ख काळा दिसतो, कारण सोनं उजेड अडवतं, पण नुसता तेलरंग कंदिलाच्या काचेसारखा पेटतो. मध्ये काजळी नसेल तर जुनं चित्र नव्यातून बाहेर येतं. हे न कळणारे रंगारी मी पाहिले आहेत. एकाने बॅन्ड्रिजच्या मंडळाचा संत पॅट्रिक रंगवला होता, उन्हात त्याला चार हात दिसायचे. मी आजवर हा हात कधी चुकवलेला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती तुला सांगू नका असं सांगणाऱ्याने सांगितलं होतं, पण पत्रात लपवाछपवी मला जमत नाही.

तुझा नवरा इथे येऊन गेला.

मी सरस गाळत होतो. दारात सावली पडली, वर पाहिलं तर पूर्ण गणवेश.

"मिस्टर गॉर्मली, आत येऊ?"

"वॉरंट आणलंय?"

"नाही. तहान आणलीय. एनिस्किलनपासून सायकलवर आलोय."

मी ताकाच्या भांड्याकडे बोट दाखवलं. त्याने टोपी काढली आणि टेबलावर ठेवली, बिल्ला खाली करून. मुद्दाम केलं की सवयीने, ते मला कळलं नाही. ताक प्याला, भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाला, सप्टेंबरमध्ये टोरंटोला जातोय, चुलतभाऊ आहे तिकडे, राजीनामा लिहून ठेवलाय.

मी विचारलं, का.

"बराकीत मी एकटा कॅथलिक. ते माझ्या बिल्ल्यावरची हार्प बघतात. बाहेर पडलो की आपल्या लोकांना मुकुट दिसतो. बिल्ला एकच आहे, मिस्टर गॉर्मली. पुरा कुणी बघत नाही."

यावर मी त्याला मुकुटाच्या भाराबद्दल सांगितलं. मान कशी दबते, तारा कशा सैल पडतात. त्याने सगळं ऐकून घेतलं. चांगला ऐकतो. मी बोलायचा थांबल्यावरही तो थोडा वेळ ऐकत होता.

निघताना म्हणाला, "जायच्या आधी एकदा या. ती तोंडाने म्हणायची नाही. आणि मी म्हटलं, हे तिला सांगू नका."

"ऑगस्टपर्यंत कामं आहेत."

"पंधराला मी इथेच असेन. पुलावर बंदोबस्ताला. इकडे माणसं कमी आहेत म्हणून एनिस्किलनहून आम्हाला पाठवणार आहेत."

"मग दिसशील."

"दिसेन," तो म्हणाला.

टोपी उचलताना बिल्ला पहिल्यांदा जवळून पाहिला. मुकुट सोडला तर काम वाईट नाही. तारा वेगवेगळ्या, सरळ आणि समान अंतरावर काढल्या आहेत. हे बहुतेकांना जमत नाही.

तो पुलाच्या पूर्वेच्या टोकाला उभा राहील की पश्चिमेच्या, हे विचारायचं राहिलं. तू विचारून कॅसीला कळवलंस तर बरं. कामाच्या दृष्टीने विचारतो.

तुझे वडील
फ्रान्सिस गॉर्मली


ड्रमलारा,
१६ ऑगस्ट १९५५

ऊना,

काल मिरवणूक झाली. बाहेरून काही कानावर येण्याआधी मी लिहितो, कारण लोक तपशील गाळतात.

दुपारी जाताना ऊन डोक्यावर होतं. निशाण उलगडलं आणि पहिल्यांदा सगळ्यांनी साधी हार्प पाहिली. हिरव्यावर सोनं. दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. जेम्स पॅट तीनदा म्हणाला, "आता कशी सरकारी दिसते." शेतात भाषणं झाली, सँडविच संपली, फ्लूटवाल्या दोन मुलांना उन्हाने चक्कर आली. चारच्या सुमाराला परत निघालो.

परतताना रस्ता पूर्वेला येतो, हे तुला सांगायला नको. ऊन पाठीशी गेलं. मी नेहमीप्रमाणे काठीशेजारी होतो, तिथून निशाणाची फक्त कड दिसते. बँड वाजत होता. लोहाराच्या घरासमोर कुंपणावर मुलं बसली होती. त्यातली एक मोठ्याने म्हणाली, "आई, हार्पमध्ये बाई आहे."

आई म्हणाली, गप्प बस. मग तिनेही पाहिलं.

पुढच्या रांगेतले मागे वळून पाहायला लागले. फ्लूटवाले एकेक करून गप्प झाले, शेवटी ढोल एकटाच राहिला. जेम्स पॅट पट्टा सांभाळत धावत माझ्याकडे आला.

"फ्रान्सी, हे काय?"

मी दोन पावलं पुढे जाऊन पाहिलं. तुला जसं होतं तसं सांगतो. नवी हार्प काळी दिसत होती, जुन्या बाईचे पंख तिच्यामागे काळे, आणि मध्ये तोंड पेटलेलं. झगा नाही, हात नाही, नुसतं तोंड. हनुवटी वर. दोन तारांच्या बरोबर मधे आलं होतं, एकही तार त्याला कापत नव्हती.

"चूक झाली," मी म्हटलं.

"कुणाची?"

"माझी. काजळीचा हात राहिला."

"तुझा हात राहतो?"

"राहिला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. निशाण खाली घ्या असं ओरडावं, तर रस्त्याच्या मधोमध निशाण खाली घेणं म्हणजे अपशकुन. ते त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तसंच पुढे निघालो, पुलाकडे.

तुझा नवरा पूर्वेच्या टोकाला उभा होता. तुझा निरोप वेळेवर मिळाला होता. बाकीचे दोघे पोलिस पाण्याकडे बघत होते, तो रस्त्याकडे. आम्ही पुलाच्या कमानीवर चढलो, निशाण उंच झालं, ऊन नेमकं मागे आलं. त्याने आधी डोळे बारीक केले. मग टोपी काढली.

बंदोबस्तावरचा पोलिस आपल्या मिरवणुकीला टोपी काढत नाही. बँडला वाटलं आपल्यालाच मान दिला, त्यांनी पुन्हा वाजवायला सुरुवात केली. जेम्स पॅट म्हणाला, "बघ, पोलिससुद्धा." आम्ही पुढे जाईपर्यंत टोपी त्याच्या हातातच होती. त्याच्या शेजारच्याने कोपराने ढोसलं, तेव्हा त्याने ती घातली.

मंडळाची आज सकाळी बैठक झाली. मला विचारलं, तोंड नेमकं तारांच्या मधे कसं आलं. मी म्हटलं, योगायोग. घरी येऊन कॅसीलाही तेच सांगितलं.

"तू योगायोगालासुद्धा फूटपट्टी लावून काढतोस," ती म्हणाली. मग कपात दूध ओतता ओतता थांबली. "तीस वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केलीस, फ्रान्सी. आणि ती पण खोटी."

मी तिला म्हटलं, चहा गार होतोय.

तुझा नवरा घरी आल्यावर काही बोलला का, एवढं कळव.

बाबा


ड्रमलारा,
९ ऑक्टोबर १९५५

ऊना,

टोरंटोचा पत्ता कॅसीकडून घेतला. तिने आधी तीन वेळा विचारलं, कशासाठी. मी म्हटलं, पार्सलासाठी. मग दिला.

सप्टेंबरमध्ये मी बेलफास्टला गेलो होतो. वर्ख संपला होता, तो तिथेच चांगला मिळतो. दुकान बंदरापासून लांब नाही, म्हणून थोडा त्या बाजूने गेलो. लिव्हरपूलची बोट लागलेली होती, कॅनडाचं जहाज तिथून सुटतं. तू वरच्या कठड्यापाशी होतीस, निळा कोट, तुझ्या आईचा, बाह्या लांब करून घेतलेल्या दिसल्या. उजव्या बाहीची शिवण थोडी ओढली आहे. तो तुझ्या शेजारी होता, डोक्यावर साधी टोपी. तुम्ही दोघं पाण्याच्या बाजूला बघत होतात.

मी हाक मारली नाही. बँड वगैरे काही नव्हता, शिटी अजून झाली नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मग दोर सोडले. तो एकदा वळला. त्याने मला पाहिलं असं मला वाटतं, कारण त्याचा हात टोपीकडे गेला. पण तसा तो वाऱ्यानेही गेला असेल. त्याने तुला सांगितलं असेल तर तुला ठाऊकच आहे. नसेल सांगितलं, तर त्याला रागावू नकोस. तो सांगू नका म्हणतो तशी एखादी गोष्ट त्याने माझ्यासाठीही मनात ठेवली असेल.

वर्ख आणायचा राहूनच गेला.

मंडळाने निशाण परत पाठवलं. त्यांनी नवं बाहेरून मागवलं आहे, छापील हार्प, दोन्हीकडून सारखी दिसणारी, अस्तर लावलेली. पुढच्या वर्षी कोण नदीत जातं ते बघू. जेम्स पॅट स्वतः पोचवायला आला होता. या वेळी खाकरला नाही. दारात उभं राहून म्हणाला, "फ्रान्सी, तुझ्या आईची शपथ घालून विचारतो, राहिला होता ना तो हात?"

"राहिला होता."

"बरं," तो म्हणाला. निशाण आत आणून टेबलावर ठेवलं. "चांगलं निशाण होतं. माझी धाकटी मिरवणुकीपासून सारखी विचारते, ती बाई परत कधी येणार."

आता तो अक्षरकाम मला सोडून दुसऱ्या कुणालाही देतो. बेकरीनेही गाडी दुसरीकडे दिली. म्हणतात, गॉर्मलीचा हात गेला. मी कुणाला दुरुस्त करत नाही. कॅसीला याचं फार नवल वाटतं. ती काल म्हणाली, "कुणी चुकीचं बोललं तर तू आधी जेवण सोडून उठायचास." मी म्हटलं, वय झालं.

आता पार्सलाबद्दल. नीट वाच, एकदा वाचून पुन्हा वाच.

निशाणाचा मधला भाग मी कापून काढला आहे. कडा दुमडून शिवल्या आहेत, शिवण कॅसीची नाही, माझी आहे. नळीत गुंडाळून पाठवतो. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं आहे, परत गुंडाळशील तेव्हा तसंच गुंडाळ, आत घेतलीस तर रंगाला भेगा पडतील. घडी कधीही घालू नकोस. घडी पडली की ती रेशमातून जात नाही, कुणी काही केलं तरी जात नाही. चुलीपासून लांब ठेव. तिकडे थंडी फार पडते असं ऐकतो, तेव्हा आणल्याबरोबर लगेच उलगडू नकोस, एक रात्र खोलीत राहू दे, मग उलगड.

भिंतीवर लावशील तर नुसती हार्प दिसेल. तीही बरोबर आहे, तिच्यात मला लाजण्यासारखं काही नाही. पण ते तेवढ्यासाठी पाठवलेलं नाही.

खिडकी पश्चिमेची हवी. दुपार उतरली की खिडकीच्या काचेला लावून धरायचं, म्हणजे ऊन मागून येईल. रंगाची बाजू खोलीकडे. एकटीने धरलंस तर मधे झोळ पडेल आणि हनुवटी वाकडी दिसेल. वरचे दोन कोपरे एडनला धरू दे, तो उंच आहे, आणि ताकाचं भांडं धरताना पाहिलंय, त्याचा हात स्थिर आहे. तू चार पावलं मागे उभी राहा. लगेच काही दिसलं नाही तर हलू नकोस. ढग सरला की दिसेल.

एकच गोष्ट राहिली. तुम्ही आतून बघत असाल तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला ती काचेतून मागून दिसेल. मागून ती उलटी दिसते, बाटलीवरच्यासारखी. तिथे आयर्लंडची माणसं पुष्कळ आहेत म्हणतात. कुणीतरी नक्की थांबेल, वर बोट करून सांगेल की ही हार्प चुकीच्या बाजूला आहे, असली हार्प कुणी काढली.

सांगू दे.

बाबा